सोंगाड्याच्या वाटणीचं रडू

तमाशात गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, संपला की गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची म्होरकी मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. ती बोलायला लागली की मैदानात मागं आडवी झालेली माणसंसुद्धा उठून बसायची. मग बतावणी, म्हणजे गमतीची बोलाचाली, मग वग, म्हणजे मुख्य नाट्यकथा. वगात राजा, राणी, प्रधान, कोतवाल, आणि या सगळ्यांच्या मधून हवं तिथं फिरणारा सोंगाड्या. राजाच्या तोंडावर राजाची अब्रू काढायची मुभा एकट्या त्याला.

आमच्या गावच्या जत्रेत रात्री तमाशा असायचा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या. माझे चुलते, तात्या, मला घोंगडीवर शेजारी बसवून घ्यायचे. वगातली बाई नवऱ्यानं टाकली म्हणून आळवून गात असायची, भोवतीच्या बाप्यांचे डोळे भरून आलेले दिसायचे, आणि नेमका त्याच वेळी सोंगाड्या तोंड उघडायचा. सगळं मैदान हसून लोळायचं. सकाळी ओट्यावर चहा पिताना तात्या सोंगाड्याचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचे. वगाची गोष्ट काय होती असं विचारलं तर म्हणायचे, "ती न्हेमीचीच रं."

त्या वगांचा विचार करताना एक गोष्ट मला आता फार जाणवते. राजाला दुःख असायचं, राणीला असायचं, वाट चुकलेल्या राजपुत्राला तर असायचंच. सोंगाड्याला मात्र काहीच नसायचं. त्याला बायको नाही, घर नाही, देणं नाही, आजारी आई नाही. दुसऱ्याच्या दुःखाच्या मधे उभं राहून त्यानं हसवायचं आणि बाजूला व्हायचं. त्याच्या वाटणीला रडू आलंच नाही, आणि ते येऊ नये असंच आपण सगळ्यांनी धरून ठेवलं. नाटकात, सिनेमात आणि पुढे टीव्हीवर हसणं आणि रडणं एकत्र आणायचं म्हटलं की आपल्याकडे ही जुनी वाटणी आडवी येते, असं मला वाटतं. हसवणारा वेगळा, रडवणारा वेगळा. दोघांना एकामागून एक आत सोडलं की झालं.

ही वाटणी मोडायचा मोठा घाट नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी घातला होता. 'एकच प्याला' 1919 साली गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं, गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. या नाटकाची आठवण निघाली की लोक बालगंधर्वांच्या सिंधूबद्दल बोलतात, फाटक्या लुगड्यातल्या तिच्या दारिद्र्याबद्दल बोलतात. विनोदाचा विषय निघाला की दारुड्या तळीरामाबद्दल बोलतात. जणू दोन वेगळी नाटकं एकाच तिकिटात दाखवली होती. पण नाटक वाचताना पहिल्यापासून दिसतं ते असं, की तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळात ज्या दारूवर आपण पोट धरून हसतो, तीच दारू पुढच्या प्रवेशात सिंधूच्या घरात शिरते. बाटली तीच आहे. मंडळातले सभासद दारूच्या समर्थनाला काय काय युक्तिवाद काढतात, त्यांच्या बुद्धीचं आपल्याला कौतुक वाटतं, आपण त्यांच्या बाजूचे होऊन बसतो. मग सिंधूच्या नवऱ्याचा, सुधाकराचा, हात मुलावर उठतो. गडकऱ्यांनी आपल्याला आधी हसवून घेतलेलं असतं, त्यामुळे त्या घरात जे घडतं त्यात आपलाही हात लागल्यासारखा वाटतो. निव्वळ उपदेशाच्या नाटकाला हे कधी जमलं नसतं.

आणि तळीराम स्वतः? तो अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याच्याभोवती डॉक्टर आणि वैद्य एकमेकांशी भांडत असतात. प्रवेश विनोदी आहे. माणूस मात्र खरोखरच मरणाच्या दारात आहे. या प्रवेशात गडकऱ्यांनी सोंगाड्याला शेवटी मरण दिलं, म्हणजे शरीर दिलं, बायको दिली, त्या बायकोचा छळ दिला. त्या बायकोचं, गीतेचं, काय झालं हा प्रश्न आपण सिंधूच्या तुलनेत फार कमी विचारतो. तिचा नवरा विनोदी होता, एवढंच त्याचं कारण.

मराठी सिनेमाने पुढे कितीतरी वर्षं जुनीच वाटणी चालवली. दामुअण्णा मालवणकर, शरद तळवलकर यांच्यासारखे थोर नट होते, त्यांची बोलण्याची ढब आजही कानात आहे. पण बऱ्याच चित्रपटांत त्यांचं काम एका बाजूनं यायचं, ताण हलका करायचं आणि निघून जायचं. दादा कोंडक्यांनी 1971 च्या 'सोंगाड्या'त थेट सोंगाड्यालाच नायक केला. हे फार मोठं धाडस होतं आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. तरी त्यांचा भर शेवटपर्यंत हसवण्यावरच राहिला, आणि तो त्यांनी जाणूनबुजून ठेवला होता.

सोंगाड्याच्या वाटणीचं रडू त्याला परत द्यायला मराठीत 1992 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी डॉ. जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' आला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, लेखन पु. ल. देशपांडे यांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं, आणि आबुरावाच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे.

यातलं एकेक नाव थांबून पाहण्यासारखं आहे. 1953 च्या 'गुळाचा गणपती'नंतर पु. ल. सिनेमापासून दूर झाले होते. मधल्या काळात ते अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस झाले. त्यांच्या कॅसेट घराघरांत वाजत होत्या, लोकांना त्यांची पानंच्या पानं पाठ होती. असा माणूस इतक्या वर्षांनी सिनेमा लिहायला बसतो आणि विषय निवडतो तो हसवणाऱ्याचं काय होतं हा. ज्यांनी पु. लं.ना फक्त कोट्यांसाठी वाचलं त्यांना याचं नवल वाटलं असेल. ज्यांनी 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा नीट वाचला होता त्यांना वाटलं नसेल. गावात वीज आली तरी अंतूशेट ती घरात घेत नाही, कारण दारिद्र्य बघायला आणखी उजेड कशाला हवा. यावर आपण हसतो, आणि हसता हसता त्या घराच्या भिंती, एकटा म्हातारा, परत न येणारा मुलगा, सगळं आपल्याला दिसतं. अंतू बर्व्याचा विनोद काढून घेतला तर मागे दुःखही उरत नाही, एक कुरकुरणारा म्हातारा तेवढा उरतो. दुःख सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषाच नाही.

'विदूषक'मधला आबुराव हा तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा. मधू कांबीकरांनी त्याची आई केली आहे. ही बाई बोर्डावर नाचते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू आणि तिच्या डोळ्यांतली काळजी एकाच वेळी दिसते, ते मी आजही विसरू शकत नाही. आबुराव सोंगाड्या होतो, नाव काढतो, मग सिनेमात जातो, पैसा येतो, प्रसिद्धी येते, राजकारणातली माणसं जवळ येतात. ज्या जिभेनं तो राजाची अब्रू काढायचा ती जीभ हळूहळू राजाच्या पदरी जाते. आणि ज्याच्या एका शब्दावर शेकडो माणसं हसतात त्याची स्वतःची मुलगी हसत नाही.

इथं पु. लं.नी जे केलं आहे ते मला फार मोठं वाटतं. दुःख दाखवायचं म्हणून त्यांनी आबुरावाला विनोद सोडायला लावलं नाही. उलट त्याच्याकडे मुलीला द्यायला विनोदाशिवाय काही नाही, हेच त्याचं दुःख आहे. तो तिच्यासाठी नकला करतो. याच नकलांवर आपण आधी हसलेलो असतो. आता त्या एका लहान मुलीसमोर पडतात आणि तिचा चेहरा हलत नाही. थिएटरात बसलेल्या आपल्याला हसू फुटतं आणि अर्ध्यावर थांबतं. ते अर्ध्यावर थांबलेलं हसू हाच त्या चित्रपटाचा खरा ऐवज आहे. महानोरांची अंगाई त्यात येते तेव्हा तिला वेगळं रडवावं लागत नाही.

बेर्डे या भूमिकेत येण्याआधी काय होते हे आजच्या तरुण वाचकाला सांगायला हवं. 1983 च्या 'टूरटूर' या नाटकानं त्यांना लोकांसमोर आणलं, 1985 च्या 'धूमधडाका'नं घरोघरी पोचवलं, 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'नं अमर केलं. 'मैंने प्यार किया'मुळे हिंदीतही त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. 1992 पर्यंत अशी स्थिती होती की ते पडद्यावर नुसते आले तरी थिएटर हसायचं. मी आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये 'विदूषक' पाहिला तेव्हा अगदी तसंच झालं. पहिल्या प्रवेशाला शिट्ट्या, हशा. पुढे काही ठिकाणी त्यांनी काहीच विनोदी केलेलं नसतानाही हशा. मग हळूहळू थिएटर गप्प होत गेलं. मध्यंतरात माझ्या मागच्या रांगेतले काही जण उठून गेले ते परत आले नाहीत. जाताना एक जण म्हणाला, "लक्ष्या आहे म्हणून आलो होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं की लक्ष्यानं त्याला असं का करावं.

त्या माणसाला दोष द्यायला मी कधीच धजलो नाही. दिवसभर राबून संध्याकाळी तो हसायला आला होता, आणि हसायला येणं ही काही हलकी गोष्ट नाही. पण त्या मध्यंतरात मला पहिल्यांदा कळलं की आपण सोंगाड्याशी किती कडक करार केलेला आहे. चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. बेर्डे पुन्हा आपल्या नेहमीच्या भूमिकांकडे गेले. 2004 च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी गाठली होती. असा आबुराव त्यांना आणखी दोन-चार वेळा करायला मिळाला असता तर मराठी अभिनयाची गोष्ट आज वेगळी सांगितली गेली असती, असं मी मनापासून मानतो.

मी काही वर्षं एका हौशी नाट्यसंस्थेत काम केलं. एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, गणेशोत्सवातले प्रयोग. नटांच्या बोलण्यात 'लाफ्टर' हा शब्द पैशासारखा येतो. कुठं लाफ्टर आला, कुठं गेला, कुणी कुणाचा खाल्ला. आमच्या एका एकांकिकेत नोकरी गेलेला बाप रोज सकाळी डबा घेऊन कामावर निघतो आणि संध्याकाळी कामाच्या गोष्टी रचून सांगतो, असा विषय होता. बापाचं काम करणारा आमचा मित्र हुशार होता. तालमीत त्याच्या लक्षात आलं की रचलेल्या गोष्टींवर हशा मिळतोय. मग तो त्या गोष्टी रंगवून सांगायला लागला. भुवया उडवायचा, वाक्यानंतर प्रेक्षकांकडे बघून थांबायचा. पहिल्या प्रयोगात हशा भरपूर आला. पण शेवटी मुलगी त्याचा न उघडलेला डबा उघडते, तिथं प्रेक्षक तसेच बसून राहिले. काही जण तर तिथंही हसले.

आमच्या दिग्दर्शकांनी दुसऱ्या दिवशी त्याला एवढंच सांगितलं, "तू हसवू नकोस. तू खोटं बोल. पकडला जाशील या भीतीनं बोल." पुढच्या प्रयोगात तो घाबरून, घाईघाईनं, घाम पुसत त्याच गोष्टी सांगायला लागला. हशा आलाच, उलट जास्त मोकळा आला. आणि डब्याचा प्रसंग आला तेव्हा सभागृहात हालचाल थांबली. वाक्य एकही बदललं नव्हतं. तेव्हापासून हसू-आसू एकत्र असलेली कुठलीही कलाकृती बघताना मी पहिल्यांदा हे तपासतो की त्यातल्या माणसाला आपण विनोदी आहोत हे ठाऊक आहे का. ज्या क्षणी त्याला ते ठाऊक होतं त्या क्षणी त्याचं दुःख खोटं होतं.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त, 2009 च्या त्या चित्रपटात, नंदू माधव यांचे दादासाहेब फाळके अशा न ठाऊक असण्याचं फार सुंदर उदाहरण आहेत. फाळक्यांची हकीकत कुणाही हिशेबी माणसानं ऐकली तर छातीत धस्स व्हावं अशीच आहे. चालता धंदा सोडला, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सिनेमे बघून बघून काही काळ डोळे गेले, घरातलं सामान एकेक करत विकलं, 1912 मध्ये कर्जाच्या पैशांवर लंडनला जाऊन कॅमेरा आणला. अशी गोष्ट रडवून सांगायला कुणालाही सोपी. व्हायोलिन लावायचं, सरस्वतीबाईंच्या गळ्यातल्या दागिन्यांवर कॅमेरा न्यायचा, पोरांना उपाशी झोपवायचं. मोकाशींनी यातलं काही केलं नाही. त्यांचे फाळके या सगळ्यातून एखाद्या उत्साही पोरासारखे धावत सुटतात. मटाराचं रोप उगवताना रोज चित्रित करायचं, त्यासाठी घरदार कामाला लावायचं. तारामतीच्या कामाला बाई मिळत नाही म्हणून शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके मिळतात. मिशा काढायला नट तयार होत नाहीत, कारण बाप जिवंत असताना मिशी काढायची कशी? सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणून सांगायचं.

एकही पात्र यात हसवायला उभं नाही. मिशीचा प्रश्न त्या नटाला जिवाएवढा खरा आहे. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई घर रिकामं होताना ज्या सहजपणे वावरतात, त्यात सोसणाऱ्या बाईचा कढ नाही, नवऱ्याच्या खुळात बरोबरीनं शिरलेल्या बाईचा हुरूप आहे. काहींनी तेव्हा म्हटलं होतं की चित्रपटानं गरिबीची धग घालवली. मला ते पटत नाही. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्या यशाच्या आसपास हा चित्रपट थांबतो. पण बघणाऱ्या आपल्याला पुढचं माहीत असतं. बोलपट आल्यावर फाळके मागं पडले, 1944 च्या फेब्रुवारीत नाशिकला गेले तेव्हा त्यांनी उभ्या केलेल्या धंद्याला त्यांची आठवण राहिली नव्हती. पडद्यावरचा माणूस धावत असतो, हसत असतो, आणि आपण त्याचा शेवट मनात घेऊन बसलेलो असतो. मोकाशींनी दुःखाचा भाग लिहिलाच नाही, तो प्रेक्षकाकडे आधीपासून आहे हे ओळखून सोडून दिला. इतका प्रेक्षकावर विश्वास टाकणारा दिग्दर्शक मिळणं दुर्मीळ.

त्यांचाच 2014 चा 'एलिझाबेथ एकादशी' मला याहून अवघड कामगिरी वाटते, कारण तिथं इतिहास मदतीला नाही. पंढरपुरातलं घर. बाप गेलेला, आई स्वेटर विणण्याच्या मशीनवर घर चालवते, कर्जापायी ते मशीनच जप्त होतं. पोराकडे बापानं स्वतः बनवून दिलेली सायकल आहे, तिचं नाव एलिझाबेथ. आई सायकल विकायला निघते, आणि ती वाचावी म्हणून पोरं कार्तिकी एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचा धंदा मांडतात, आईच्या चोरून. पोरांची भाषा, धाकट्या झेंडूची तोंडाळ बडबड, मित्रांची भांडणं, यावर थिएटर सतत हसत असतं. पण प्रत्येक हशाच्या खाली रुपये मोजले जात आहेत. किती जमले, किती कमी पडले. मला या चित्रपटात सगळ्यात आवडतं ते हे, की पैशाचा आकडा तो कधीही डोळ्यांआड होऊ देत नाही. गरिबीवर विनोद करणं आणि गरीब माणसानं विनोद करणं यात फरक करायचा असेल तर आकडा डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो. 'बनवाबनवी'सुद्धा आठवून बघा. चार तरणी पोरं पुण्यात राहायला जागा नाही म्हणून लुगडी नेसवतात नि नेसतात. त्या भानगडीच्या तळाशी घरमालकाची नोटीस आहे, ती खरी वाटते म्हणून आपण चौथ्यांदा-पाचव्यांदा बघतानाही कंटाळत नाही.

उलट्या दिशेचा प्रवास बघायचा तर उमेश कुलकर्णी यांचा 2011 चा 'देऊळ'. गिरीश कुलकर्णी यांच्या साध्याभोळ्या केश्याला गाईच्या मागं हिंडताना उंबराखाली दत्त दिसतो, आणि गावात रुग्णालय व्हायचं ते राहून देऊळ होतं. पहिला अर्धा भाग आपण गावकऱ्यांच्या उत्साहावर हसतो. दुसऱ्या भागात पात्रं तीच, बोलणं तेच, गावात पैसा आलेला, आणि हसू कमी कमी होत जातं. कुठल्या क्षणी ते थांबलं हे सांगता येत नाही. लेखनाची ही फार कठीण चाल आहे.

टीव्हीवर हे जमणं आणखी अवघड, कारण तिथं गोष्ट संपत नाही. तरीही जमलं होतं. 2001 मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली, आणि आबांच्या भूमिकेत स्वतः प्रभावळकर. निवृत्त आबा, नोकरी करणारा मुलगा, शुभांगी गोखले यांनी रंगवलेली सून, नातू शिऱ्या आणि नात शलाका. आबा डायरी लिहितात. दिवसभरात घरात जे झालं ते आपल्या शब्दांत मांडतात. बाकी काही भव्य घडत नाही. आमच्याकडे तेव्हा आई-बाबा, आजी आणि मी असे चौघं मिळून बघायचो, आणि चौघांना हसू वेगवेगळ्या ठिकाणी यायचं. शिऱ्या काही लपवत असला की मला, सुनेला कामाचा ताण आला की आईला. आजी मात्र आबांवर कधी मोठ्यानं हसली नाही. ती नुसती मान हलवायची. त्या घरात आजी नाही, ही गोष्ट तिच्या लक्षात आमच्या आधी आली असावी.

त्याच सुमारास इतर मालिकांत रडण्याची मोठी लाट आली होती. धक्का बसला की एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीन वेळा जायचा आणि ढोल वाजायचे. टिपऱ्यांच्या घरातही आजारपण यायचं, अपमान व्हायचे, पैशाची ओढाताण व्हायची, पण ती माणसं त्यातून आपल्या नेहमीच्या बोलण्यानंच वाट काढायची. प्रभावळकर हे एक आश्चर्य आहेत. 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी आणि हे आबा. यातल्या कुठल्याही भूमिकेत ते प्रेक्षकाला आधी खूण करून सांगत नाहीत की आता हसा किंवा आता गहिवरा. माणूस उभा करतात आणि बाकीचं आपल्यावर सोडतात.

आजच्या मराठी मालिका मी बघतो. आवडीनं बघतो, कारण घरातली माणसं एकत्र बसायची ती एकच जागा उरली आहे. त्यात बहुतेक ठिकाणी एक 'कॉमेडी ट्रॅक' असतो. नायिकेचं लग्न मोडत असतं, घर विकलं जात असतं, आणि मधे एक काका नाहीतर आत्या येऊन गंमत करून जातात. त्यांच्या प्रवेशाला वेगळं टिंगटिंग संगीत असतं. ते वाजवणारा वेगळा. गंमत लिहिणारा मात्र बऱ्याचदा बाकीची मालिका लिहिणाराच असतो, पण घाईत असतो. रोजचा एपिसोड जायचा असतो. ही घाई मला समजते. तरीही त्या काकांकडे बघितलं की मला जत्रेतला सोंगाड्या आठवतो. त्याला घर नाही, देणं नाही, दुखणं नाही.

आणि ही कामं करणारे नट पाहा. स्पर्धांतून, प्रायोगिक नाटकांतून, गावोगावच्या दौऱ्यांतून आलेले, डोळ्यांतली नजर बदलून सगळा प्रसंग फिरवू शकणारे नट आहेत ते. त्यांना दिवसाला दोन पानांचे विनोद देऊन आपण बाजूला बसवलं आहे. मालिका लिहिणाऱ्या माझ्या पिढीतल्या आणि माझ्याहून तरुण लेखकांना मला एकच विनंती करायची आहे. त्या काकांना एक कर्ज द्या. फार मोठं नको, पतपेढीचं, हप्ता थकलेलं. ते त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नसू दे. मग पुढच्या प्रवेशात त्यांना नेहमीसारखेच विनोद करू द्या, तेच टायमिंग, तीच वाक्यं, फक्त ते टिंगटिंग काढून टाका. तो एपिसोड मी घरातल्या सगळ्यांना बोलावून बघेन.